उभ्या प्रवाशाचा हिस्सा

परभणी सोडून मनमाडच्या वाटेला लागलेल्या गाडीला थोड्याच वेळात आमचे पेडगाव लागते. परंतु २०२५ च्या ऑगस्टअखेरीपासून जालन्याऐवजी नांदेडहून मुंबईसाठी सुटू लागलेली वंदे भारत गाडी परभणीस थांबते आणि पेडगावास थांबत नाही, त्यामुळे आमच्या वाट्याला येते ते केवळ तिचे दर्शन. त्या पहिल्या दिवसांत पहाटेच्या अंधारात रुळांच्या कडेला उभे राहून तिची वाट पाहणाऱ्यांत शाळकरी मुले होती, दूध घालायला निघालेले गडी होते आणि काठी टेकीत आलेले दोन-तीन वृद्धही होते. गाडी गेली, उजळ खिडक्यांची एक लांब रेघ डोळ्यांसमोरून सरकली, आणि मग तिच्या निमुळत्या तोंडाविषयी, रंगाविषयी, मोठ्या काचांविषयी आणि आपोआप मिटणाऱ्या दारांविषयी जी चर्चा सुरू झाली ती चहाच्या टपरीपर्यंत चालली.

त्याच दिवशी सकाळी मला सेलूस जायचे होते. साधी गाडी आली, आणि तिच्या एका दारापाशी सत्तरीच्या घरातील एक आजी उभ्या होत्या; लेकीकडे निघाल्या असाव्यात, कारण काखेतल्या बाचक्यातून तुरीच्या डाळीची पुरचुंडी डोकावत होती. डब्याची पायरी त्यांच्या गुडघ्याच्या बरीच वर होती. दारात उभ्या असलेल्या एका अनोळखी तरुणाने हात पुढे केला आणि म्हटले, “माय, हात द्या.” आजी म्हणाल्या, “आधी बाचकं घे बाबा, मी येते मागून.” बाचके वर गेले, मग आजी गेल्या, एक हात दांड्याला, दुसरा त्या तरुणाच्या मनगटाला. गाडी हलली तेव्हा त्या दारातच, दोन पायांच्या फटीत, बाचक्यावर टेकल्या होत्या.

पहाटेची चर्चा गाडी दिसते कशी याविषयी होती. सकाळचे आजींचे वाक्य गाडीत शिरावे कसे याविषयी होते. दोन्ही एकाच गावच्या माणसांनी एकाच दिवशी रेल्वेच्या डब्याविषयी दिलेले अभिप्राय होत. तरीही पहिल्या प्रकारच्या अभिप्रायाची वर्तमानपत्रांत छायाचित्रांसह नोंद होते, आणि दुसऱ्या प्रकारचा अभिप्राय गाडीच्या आवाजात विरून जातो. नव्या गाड्यांच्या रचनेविषयी लोक जे बोलतात त्याचे वजन कसे करावे, हा प्रश्न मला त्या सकाळपासून सतावीत आहे, आणि त्याचे माझ्यापुरते जे उत्तर मला सापडले ते येथे सविस्तर मांडावे असे वाटते.

प्रथम, आराखडा म्हणजे काय याचा विचार केला पाहिजे. सामान्यतः आपण गाडीचा आराखडा म्हणजे तिचे रूप समजतो. परंतु डबा ही लांबीरुंदीने ठरलेली एक बंदिस्त जागा आहे, आणि तिच्यात एक आसन वाढविले तर उभे राहण्याची तेवढी भूमी कमी होते, दार रुंद केले तर आसनांची एक ओळ जाते, वातानुकूलनाची यंत्रणा बसविली तर भाड्याचा आकडा बदलतो, आणि मालाचा डबा काढला तर भाजीवालीची पाटी फलाटावर राहते. म्हणजे डब्याचा आराखडा ही मुळात जागेची वाटणी आहे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसास वाटणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बांध कोठे पडला, विहीर कोणाच्या हिश्शात गेली, वहिवाटीची वाट कोणी अडविली, यावर घराण्याची दोन पिढ्यांची सुखदुःखे ठरतात. म्हणूनच वाटणीपत्रावर सर्व हिस्सेदारांच्या सह्या किंवा अंगठे घेण्याचा दंडक आहे, आणि जो हिस्सेदार हजर नव्हता त्याची तक्रार पुढे किती वर्षे चालते हे तालुक्याच्या कचेरीतील दप्तरे सांगतील. डब्यातील जागेची वाटणी करताना मात्र बसणाऱ्याचा हिस्सा नकाशावर क्रमांकासह दाखविला जातो, आणि उभा राहणारा हिस्सेदार बहुधा गैरहजर धरला जातो.

या गैरहजेरीचा अनुभव मराठवाड्याने डब्याच्याही आधी रुळांत घेतला आहे. निजामाच्या राजवटीत, एकोणिसावे शतक संपून विसावे उजाडण्याच्या सुमारास, सिकंदराबादेहून मनमाडपर्यंत आलेला आमचा लोहमार्ग मीटरगेज होता. त्याच्या दोन रुळांतील अंतर १,००० मिलिमीटर, आणि मुंबईहून मनमाडवरून पुढे जाणाऱ्या मुख्य मार्गाचे अंतर १,६७६ मिलिमीटर. या सहाशे शहात्तर मिलिमीटरांच्या फरकामुळे मनमाडास प्रत्येक प्रवाशाने गाडी बदलावी, कापसाची प्रत्येक गासडी उतरवून पुन्हा चढवावी, असा क्रम कित्येक दशके चालला. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तरी रूळ तेच राहिले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या स्वातंत्र्यसैनिकाने आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज होऊ लागला.

त्या लढ्यात एक तत्त्व दडलेले आहे, आणि ते आजच्या विषयास थेट लागू पडते. अरुंद मार्गावरची वाहतूक मोजली तर ती थोडीच भरणार, आणि ती थोडी भरली म्हणून मार्ग अरुंदच ठेवावा, असे चक्र एकदा सुरू झाले की ते वहीच्या आधारे कधीच थांबत नाही. कारण मनमाडच्या अदलाबदलीस कंटाळून ज्याने माल पाठविलाच नाही, त्याची नोंद वहीत नसते. तिकीट काढून जो आत शिरला त्याची गणती होते. जो फलाटावर राहिला त्याची होत नाही. ही न झालेली गणती दप्तरात आणण्याचा एकच मार्ग असतो, आणि तो म्हणजे लोकांची तक्रार. म्हणून लोकांच्या प्रतिक्रियेस केवळ मत मानणे ही चूक आहे. ती साक्ष आहे. जे कागदपत्रांत येऊ शकत नाही ते सांगणारी साक्ष.

आता मुंबईकडे वळू. देशातील पहिली विजेवरची उपनगरी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यास गेली, तेव्हा तिला चार डबे होते. आज बारा आणि पंधरा डब्यांच्या गाड्या धावतात आणि दररोज सुमारे पंचाहत्तर लाख माणसे त्यांतून प्रवास करतात. गर्दीच्या वेळी डब्यातील एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी असतात असे रेल्वेच्याच भाषेत सांगितले जाते. एक चौरस मीटर म्हणजे आमच्याकडील धान्य निवडण्याच्या पाटाभोवती दोन बायका बसतात तेवढी जागा. तेथे सोळा माणसे, आणि तीही हलत्या गाडीत.

मी माझ्या उमेदीची सहा वर्षे डोंबिवलीस एका नातलगाच्या खोलीत राहून मुंबईस नोकरी केली. पेडगावहून आलेल्या माणसास लोकलमध्ये उभे राहणेही शिकावे लागते. ते मला शिकविले त्या डब्याच्या दारातील मधल्या खांबाने. त्या खांबास वरपासून खालपर्यंत रंग दिलेला असे, पण छातीपासून कपाळापर्यंतच्या उंचीत रंगाचा कण उरलेला नसे. तेथे पोलाद उघडे पडून आरशासारखे गुळगुळीत झालेले असे. हजारो तळव्यांनी रोज तेवढाच भाग धरला होता. गुडघ्याच्या उंचीवर रंग शाबूत होता, डोक्याच्या वरही शाबूत होता. आराखडा करणाऱ्याने खांब एकसारखा रंगविला होता. वापरणाऱ्यांनी आपल्याला नेमके काय हवे आहे ते त्यावर हातांनी लिहून ठेवले होते. लोकांची प्रतिक्रिया अशीही असते. जेथे रंग झिजला, जेथे आसनाची कड वाकली, जेथे तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकून घेण्याचा रिवाज पडला, तेथे तेथे आराखड्याची दुरुस्ती प्रवाशांनी परस्पर केलेली आहे. “चौथी सीट” हा शब्द कोणत्याही नकाशात नाही, परंतु डोंबिवलीहून निघालेल्या प्रत्येकास तो ठाऊक आहे. चौथा माणूस अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत टेकतो, आणि तरीही आभार मानतो. त्या रिवाजात जी न्यायबुद्धी आहे ती मला फार मोलाची वाटते, कारण वाटणीत ज्याचा हिस्सा राहून गेला त्याला उरलेल्या तिघांनी आपल्यातून थोडा थोडा काढून दिलेला तो हिस्सा असतो.

२००७ च्या अखेरीपासून पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या गाड्या मुंबईच्या रुळांवर येऊ लागल्या. पहिले काही दिवस बोलणे रंगाचे होते. जुन्या गाडीचा रंग बरा की नवा, यावर डब्यात वाद होत. महिन्याभरात रंगाचे नाव कोणी काढीनासे झाले, आणि लोक एकाच गोष्टीविषयी बोलू लागले: छतातून सोडलेल्या हवेविषयी. त्या गाड्यांच्या छतावर बाहेरची हवा ओढून आत सोडणारे पंखे बसविले होते, आणि गर्दीत मधोमध अडकलेल्या माणसाला, ज्याच्यापर्यंत खिडकीची झुळूक कधीच पोहोचत नसे, त्यांच्यामुळे प्रथमच श्वासाचा हिस्सा मिळाला. जनमताच्या या प्रवासातून मला जे कळले ते असे की रूपाविषयीचा अभिप्राय लवकर येतो आणि लवकर ओसरतो. शरीराविषयीचा अभिप्राय उशिरा येतो आणि टिकतो. म्हणून ज्यास लोकांचे मत खरोखर जाणून घ्यायचे आहे त्याने उद्घाटनाच्या दिवशीच्या टाळ्यांवर अगर टीकेवर विसंबू नये. पहिला महिना उलटल्यावर विचारावे.

वातानुकूलित लोकलचा इतिहास याच दृष्टीने वाचावा लागतो. २५ डिसेंबर २०१७ रोजी देशातील पहिली वातानुकूलित लोकल बोरीवलीहून चर्चगेटास निघाली. थंड हवा, बंद दारे, स्वच्छ आसने; पाहणाऱ्यास त्यात दोष काढावा असे काही नव्हते. भाडे मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि ते मे २०२२ मध्ये एकेरी तिकिटापुरते जवळजवळ निम्म्यावर आणावे लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी रुळांवर व फलाटांवर उतरले, आणि अखेर मध्य रेल्वेने नव्याने सुरू केलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. त्या वेळी कित्येकांनी लिहिले की हे लोक सुधारणेचे शत्रू आहेत, यांना चांगले दिले तरी पचत नाही. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. नेहमीच्या साध्या गाडीच्या वेळेस वातानुकूलित गाडी आली, आणि ज्याच्या खिशात साध्या दुसऱ्या वर्गाचा पास होता त्याची रोजची गाडी गेली. त्याच्या मागच्या गाडीत आता दोन गाड्यांची माणसे शिरू लागली. एका हिस्सेदाराला विहीर बांधून दिली आणि तिच्यासाठी दुसऱ्याची वहिवाट बुजविली, तर दुसरा ओरडतो तो विहिरीविरुद्ध नव्हे. बदलापूरच्या प्रवाशाची फिर्याद वाटणीविरुद्ध होती.

आणि मग ९ जून २०२५ चा तो सोमवार आला. मुंब्र्याजवळच्या वळणावर परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन भरलेल्या लोकलांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांवर घासले आणि रुळांवर पडले. काही प्राणांस मुकले, कित्येक जबर जखमी झाले. त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केले की यापुढील साध्या लोकलनाही आपोआप मिटणारी दारे बसविली जातील. त्यावर लोकांतून जो पहिला प्रश्न आला तो असा: दारे मिटली तर आत श्वास कसा घ्यायचा? रेल्वेने त्यास उत्तर दिले: दारांना हवेसाठी फटी ठेवू, छतातून हवा सोडू, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता यावे अशी वाट ठेवू, म्हणजे गर्दी आपसूक पसरेल. या देवाणघेवाणीकडे मी आशेने पाहतो, कारण येथे आराखडा आणि प्रतिक्रिया समोरासमोर आल्या आणि प्रतिक्रियेचा प्रश्न आराखड्याने ऐकला. पण हेही विसरू नये की ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांना तो त्या सोमवारी सुचलेला नव्हता. दारात उभा राहणारा माणूस साहसाच्या हौसेने उभा राहतो असे ज्यास वाटते त्याने एकदा संध्याकाळी डोंबिवलीच्या गाडीत मधोमध उभे राहून पाहावे. माणूस दाराकडे येतो तो हवेसाठी, आणि आपल्या स्टेशनावर उतरता यावे यासाठी. मुंबईच्या लोहमार्गांवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसे मरतात. त्यांतील पडून मेलेल्या प्रत्येकाने आधी, पडण्यापूर्वी, दारात उभे राहून आपली साक्ष दिलेली होती.

येथे मी स्वतःच्याच बाजूस एक प्रश्न विचारला पाहिजे. उघड्या दाराविषयी आपल्याला जी माया वाटते ती न्याय्य आहे काय? पेडगावच्या आजींना वर ओढणारा हात उघड्या दारातून आला होता; धावत्या गाडीमागे पळणाऱ्या अनोळखी माणसाला आत घेणारे हात मुंबईकरांच्या अभिमानाचा विषय आहेत, आणि मीही एकदा अशाच हातांनी वाचलेला आहे. परंतु विचार केल्यावर मला असे कबूल करावे लागते की त्या हातावर विसंबून दार उघडे ठेवणे म्हणजे पोहणारे पुष्कळ आहेत म्हणून विहिरीला कठडा न बांधणे होय. दारे मिटलीच पाहिजेत. वाद आहे तो क्रमाचा. गाड्यांची संख्या वाढण्याच्या आधी दार मिटले, तर दारात लोंबकळणारा माणूस सुरक्षित होत नाही. तो फलाटावर राहतो, आणि फलाटावर राहिलेल्याची गणती होत नाही हे आपण पाहिलेच. आधी त्याला आत जागा, मग त्याच्यामागे दार. या क्रमाने सुधारणा आली तर तिचे स्वागत करण्यात मी सर्वांच्या पुढे असेन.

लोकमताविषयी तज्ज्ञांचा जो आक्षेप असतो तोही प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ते म्हणतात की सामान्य माणसास यंत्रशास्त्र कळत नाही. त्याची आवड सवयीने बांधलेली असते. आज ज्याला तो नावे ठेवतो त्याचेच तो उद्या गोडवे गातो. तेव्हा त्याच्या मताने डबे बांधू लागलो तर एकही डबा बांधून होणार नाही. यात तथ्यांश आहे, आणि तो अभिरुचीच्या प्रांतापुरता मी मान्य करतो. पश्चिम रेल्वेने २०१९ मध्ये महिलांच्या डब्यावरील पदर घेतलेल्या स्त्रीच्या चित्राऐवजी आधुनिक पोशाखातील स्त्रीचे चित्र आणले, तेव्हा कोणास ते आवडले, कोणास नाही. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती, आणि अशा बाबतीत अखेर कोणीतरी निर्णय घ्यावा व लोकांनी तो सहन करावा हेच योग्य. पण डब्याची पायरी किती उंच असावी, खांब कोठे असावा, रात्रीच्या वेळी महिलांचा डबा फलाटाच्या दिव्याखाली थांबावा की अंधारात, हे अभिरुचीचे प्रश्न नव्हेत. त्यांत तज्ज्ञ कोण? पोलाद किती ताण सोसेल याचा तज्ज्ञ अभियंता आहे, हे निर्विवाद. परंतु गुडघा किती उंची सोसेल याची तज्ज्ञ ती आजीच आहे. फलाट आणि डब्याची पायरी यांमधील पोकळीने मुंबईत किती अपघात केले हे सर्वश्रुत आहे. २०१४ नंतर उच्च न्यायालयाने त्यात लक्ष घातले तेव्हाच फलाट नऊशे मिलिमीटरांच्या आसपास उंच करण्याचे काम जोमाने सुरू झाले. ती पोकळी मोजण्यास न्यायालय लागावे, ही गोष्ट शास्त्राच्या उणिवेची नसून ऐकण्याच्या उणिवेची आहे.

ऐकणारा माणूस अधिकारावर असला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच देशास दिले आहे. प्राध्यापक मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात उघड्या लाकडी फळीवर रात्र काढावी लागे. त्या फळीवर दोन इंच जाडीची गादी बसविण्याचा निर्णय त्यांनी घेतला, आणि २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर वर्गभेदविरहित गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. गादी दोन इंचांची. पण तिच्यामागे असलेला विचार असा होता की वरच्या वर्गाची सोय कमी न करता खालच्या वर्गाची सोय वाढविणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे. त्याआधी साठ वर्षे, १९१७ साली, गांधीजींनी तिसऱ्या वर्गातील हालअपेष्टांविषयी तपशीलवार लिहून सुशिक्षितांनी मुद्दाम त्या वर्गाने प्रवास करावा असे सुचविले होते. दंडवत्यांच्या गादीचा धागा तेथपर्यंत पोहोचतो. आजही ज्या गाड्यांत उशी, दिवा, पडदा यांवर बारकाईने विचार होतो त्याच गाड्यांच्या टोकाला जोडलेल्या साध्या डब्यात पाय ठेवण्यास जागा नसते, तेव्हा दोन इंचांची ती गादी आठवल्याशिवाय राहत नाही.

जिला भुयारी रेल्वे म्हणतात तिचाही अनुभव आता महाराष्ट्राला आला आहे. आरेपासून कफ परेडपर्यंतची मुंबईची मेट्रो-३, साडेतेहतीस किलोमीटर लांबीची आणि सत्तावीस स्थानकांची, ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिच्या आठ डब्यांच्या गाडीत पहिल्यांदा बसलेला माझा भाचा सांगत होता की डब्यात पाऊल टाकताना खाली पाहावे लागले नाही. मला हे वाक्य त्या गाडीवरील सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र वाटते. फलाट आणि डबा एका पातळीत, फलाटाच्या कडेला काचेची भिंत, गाडी थांबल्यावरच उघडणारी दारे: हे सर्व उभ्या माणसाचा आणि चाकाच्या खुर्चीवरील माणसाचा हिस्सा प्रथमपासून धरून केलेले आहे, आणि त्याबद्दल करणाऱ्यांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. मात्र तिचे भाडे दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत आहे, आणि लोकलमध्ये असतो तसा मालाचा डबा तिला नाही. मासळीची पाटी घेऊन निघालेल्या कोळिणीचा आणि डबेवाल्याच्या लाकडी खोक्याचा विचार त्या वाटणीत झालेला नाही. उत्तम आराखड्यातही कोणीतरी गैरहजर राहतो. तो कोण, हे विचारत राहणे एवढाच त्यावर उपाय आहे.

परदेशांत हे विचारण्याची एक साधी पद्धत रूढ होत आहे. गाड्या बांधून झाल्यावर लोकांस दाखविण्याऐवजी, बांधण्यापूर्वीच एका डब्याची खऱ्या मापाची प्रतिकृती चौकात आणून ठेवतात आणि लोकांस आत चढून पाहण्यास बोलावितात. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने २०१७ च्या अखेरीस एका स्थानकात नव्या गाडीची अशी प्रतिकृती मांडली होती. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बार्ट रेल्वेने २०१४ मध्ये तसेच केले, तेव्हा अपंग प्रवाशांनी दारापाशीच्या मधल्या खांबास हरकत घेतली, कारण त्या खांबामुळे चाकाच्या खुर्चीची वाट अडत होती. खांबांची रचना त्यानुसार बदलण्यात आली. डोंबिवलीच्या गाडीतील खांबाने मला तोल दिला, आणि बार्टच्या खांबाने दुसऱ्या कोणाची वाट अडविली. खांब कोठे हवा, हे ठरविण्यास दोन्ही माणसे एका डब्यात आणावी लागतात, आणि त्यासाठी डबा कागदावर असून चालत नाही. तो चढण्याजोगा असावा लागतो.

हे सर्व लिहिण्यास एक तातडीचे कारण आहे. लातूरजवळ हरंगुळ येथे मराठवाड्याचा रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. २०१८ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे पहिल्या डब्याचे कवच तयार झाले. लांब पल्ल्याच्या वंदे भारत शयनयान गाड्या तेथे बांधण्याची योजना आहे. ज्या प्रदेशाने अरुंद रुळांपायी अनेक दशके मनमाडास गाडी बदलली, त्याच्या भूमीवर आता देशाचे डबे बांधले जाणार, याचा आनंद माझ्या पिढीस किती आहे हे शब्दांत सांगणे कठीण. म्हणूनच माझी एक दरखास्त आहे, आणि ती मी कोणावर दोषारोप न करता, पूर्ण आदराने करीत आहे. लातुरास बांधल्या जाणाऱ्या डब्याचा एक नमुना, खऱ्या मापाचा, खऱ्या पायरीसह, अंतिम मंजुरीपूर्वी परभणी, नांदेड, लातूर यांसारख्या स्थानकांच्या आवारात महिनाभर ठेवावा. त्यात ओझे घेतलेल्या बायका चढवाव्यात, कुबडी घेतलेली माणसे चढवावीत, तान्हे मूल कडेवर घेतलेल्या आया चढवाव्यात, आणि ऊसतोडीस निघालेली बिऱ्हाडे त्यांच्या भांड्याकुंड्यांसह चढवावीत. एका कारकुनाने दाराशी बसून प्रत्येकाची जबानी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, आणि ती जबानी आराखड्यास जोडल्याशिवाय आराखड्यावर सही होऊ नये. यास फार खर्च येणार नाही. वाटणीपत्रावर हिस्सेदाराचा अंगठा घेण्यास शाई तेवढी लागते.

त्या सकाळी सेलूचे स्टेशन आले तेव्हा आजी उठल्या. दारात अजून तोच तरुण होता. त्याला पुढे जालन्यापर्यंत जायचे होते. त्याने खाली उतरून बाचके फलाटावर ठेवले, आजींचे दोन्ही हात धरले, आणि त्या एका पायावर जोर देत, दुसरा पाय हवेत चाचपत खाली आल्या. तो पाय फलाटाला लागेपर्यंतचा एक क्षण मी श्वास धरून पाहत होतो. त्या तरुणाचा चांगुलपणा मोठा होता, यात संशय नाही. परंतु त्या पायाखाली जी जागा रिकामी होती ती भरून काढणे हे त्याचे काम नव्हते. आजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरविला, बाचके काखेत मारले आणि त्या फाटकाकडे चालू लागल्या. हरंगुळच्या नव्या डब्याची पायरी ठरविणाऱ्यांनी त्यांना एकदा त्या पायरीपाशी नेऊन उभे करावे, आणि त्या जे म्हणतील ते लिहून घ्यावे.